भात्याचं ठिगळ

या, असे जवळ सरकून बसा. सतरंजी मोठी आहे, पण आजची कथा हळूच सांगायची आहे. एका रविवारी आमच्या गाडीच्या रेडिओतून कोण भेटायला आलं, त्याची ही गोष्ट.

माझे वडील एका बुवांच्या कीर्तनात पेटी वाजवायचे. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली. घरात फोटो आहे, पण त्यांच्या बोटांचा सूर कुठंच उरला नव्हता. अशात बुवांच्या मुलाचा फोन आला: रविवारी दहा वाजता रेडिओवर बुवांचं जुनं कीर्तन लागणार, साथीला तुमचे वडीलच आहेत. घरातला रेडिओ कधीच मोडीत गेलेला. राहिला तो गाडीतला. माझी माय गोजरबाई नवं लुगडं नेसून नऊलाच पुढच्या सीटवर येऊन बसली.

रेडिओ लावला, तर नुसती खरखर. वाटलं, आमच्या शेंद्र्यात कंपन्यांच्या तारांचं जाळं, म्हणून असेल. शहरात क्रांती चौकापर्यंत आलो तरी तेच.

"बापू, त्यांना यायचंच नसंल तर राहू दे," माय म्हणाली. मी गाडी वळवली.

चौकामागच्या गल्लीत कमरोद्दीनचाचांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. शटर नुकतंच वर गेलं होतं. चाचांनी आधी मोबाइलचा चार्जर उपटला. "हा किरकिऱ्या पहिला बाहेर!" खरखर जराशी उतरली. मग टपावरची अँटेना फिरवून काढली, खाचेत डोकावले आणि माझ्याकडं बघत राहिले.

"इथं काय भरलंय, भाऊ?"

मी मान खाली घातली. दर दसऱ्याला गाडीची पूजा करताना हार अडकू नये म्हणून मी ती दांडी काढायचो, आणि उघडी खाच म्हणजे गाडीचं कपाळ समजून तिथं भक्तिभावानं हळदकुंकवाचं पाणी वाहायचो. असे पाच दसरे.

"पूजा लई जोरात केली तुम्ही," चाचा हसले. "सूर तर आभाळातून येतोच आहे. त्याला उतरायला जागा कुठं ठेवली?"

त्यांनी हिरवा गंज खरवडला. पण कुंकवाची भुकटी जमिनीवर पडू दिली नाही. खाली कोरा कागद धरला, पुडी बांधली आणि मायच्या हातात दिली.

दांडी बसली तेव्हा दहा वाजत आले होते. निवेदकानं बुवांचं नाव घेतलं. टाळ वाजले, आणि त्यांच्यामागून पेटी उठली. बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू होते. त्या सगळ्या गोंगाटातून वाट काढत माझे वडील आमच्या गाडीत येऊन बसले. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. हात आपोआप जोडले गेले.

चाचांनी कान लावला. "सूर साफ आहे. पण मधूनच फस्स होतंय. थांबा, अजून एकदा बघतो."

मायनं हात आडवा केला.

"नका हो, चाचा. ते रेडिओचं नाय. पेटीचा भाता फाटला होता. माझ्या चोळीच्या खणाचं ठिगळ मीच लावलं होतं. हवा तिथूनच निसटायची."

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. कीर्तन संपेपर्यंत ते गाडीच्या दाराशी उभेच राहिले.

शेवटीही निवेदकानं पेटीवाल्याचं नाव घेतलं नाही. जुन्या फितीवर लिहिलेलं नसेल. म्हणून तर तुम्हाला जवळ बोलावलं. कुठं पेटी ऐकताना सुराआडून हवा निसटली, तर एवढं करा. कडूबा पेटीवाले, असं एकदा मनात म्हणा.