कंचं राटल

टेंपोची सीट उचलून खालचं इंजिन उघडं केलं होतं. आबांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याला टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटून घेतले. शेजारचा धाकलू बाजूला उभा राहून बोलतच होता. खोपोलीपर्यंत गाडी गुपचूप आली, पळसदरीच्या पुढं आवाज सुरू झाला, कोणी म्हणतं डिझेल खराब, कोणी म्हणतं गाडीच म्हातारी झाली.

"धाकल्या, गप ऱ्हा जरा," आबा डोळे न उघडता म्हणाले. "गाडीचं राटल ऐकू दे. मगापासून तुझंच ऐकू येतंय."

ओट्यावर पेपर तपासत बसलेली मेघा हसली. दहिवलीच्या त्या घरात 'राटल' हा शब्द तिच्या जन्माच्या आधीपासून नांदत होता. आबा, म्हणजे तिचे वडील चंदर, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. बसच्या तक्रारीत कोण्या साहेबाने इंग्रजीत लिहिलेला तो शब्द डेपोतल्या माणसांनी उचलला, तोंडात घोळवून गुळगुळीत केला आणि आपापल्या घरी नेला. सैल नट राटल मारायचा, खिडकीची काच राटल मारायची, भाताच्या पातेल्यावरचं झाकणही. मेघाची आई पुतळाबाई तर पोशीरच्या आपल्या नणंदेच्या तोंडालाही तेच म्हणायची. अकरावीत डिक्शनरी हातात पडेपर्यंत मेघाला तो अस्सल मराठी शब्द वाटत होता.

पुढे ती खोपोलीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागली, आणि त्या शब्दाचा एखादा नवा अर्थ वाचनात आला की तो आबांसाठी घरी आणायला लागली. लहान मुलाचा खुळखुळा म्हणजे रॅटल. शेपटीत खुळखुळा असलेला तिकडचा साप, तो रॅटलवाला. जुन्या काळी लंडनचे पहारेकरी लाकडाचं दातेरी चाक गरागरा फिरवून आग लागल्याची, चोर आल्याची वर्दी देत, ते चाकही रॅटल. तिकडच्या कुरणात याच नावाचं एक रोपटं असतं. त्याच्या सुकलेल्या बोंडात बी वाजायला लागलं की शेतकऱ्यांनी ओळखायचं, गवत कापणीला आलं. हे ऐकून आबा खूश झाले होते. आपल्या माळावरच्या शेंगा तसंच करतात, म्हणाले. अडीचशे वर्षांमागे इंग्लंडात बडबड्या माणसालाच रॅटल म्हणत, हे सांगितल्यावर मात्र पुतळाबाई लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. "बघा, मी तुमच्या बहिणीला बोलते तं काय चुकीचं बोलते काय?"

धाकलूच्या गाडीत एक पट्टी सैल झाली होती. आबांनी ती आवळली, धाकलूला दोन शिव्या घातल्या आणि हात धुवायला मोरीपाशी गेले. तिथल्या दगडावर ते एकदम बसले. साबणाचा हात तसाच छातीवर ठेवून म्हणाले,

"मेघे, माझंबी राटल मारतंय गं."

गमतीनंच म्हणाले. मेघाही तेवढ्यापुरती हसली. खोकला काही नवा नव्हता. फुप्फुसं कधीचीच थकली होती, आणि तोंडात ओढायच्या पंपाची औषधं आबा सणावारी अत्तर लावावं तशी घेत. पण टॉवेल देताना ती वाकली आणि तिला आवाज आला. पाण्याखाली कोणीतरी बारीक खडे हलवावेत तसा. तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, गार वारं लागलं असेल, ओवा टाकून पाणी देते.

सकाळी आबांच्या ओठांना निळसर झाक आली होती. धाकलूने टेंपो दारात लावला.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, आणि समोरच्या म्हाताऱ्याला इंग्रजी कळत नसणार असं धरून चालला होता. आबांची छाती तपासून तो खाटेशीच उभा राहून मेघाला भराभर सांगायला लागला. दोन्ही फुप्फुसं, हृदय, पाणी. त्यात तो शब्द आला. आबांचे डोळे चमकले. परक्या गावात ओळखीचं माणूस दिसावं तसे. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळताच त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला ओढला.

"राटल बोलला ना गं तो?"

"हो, आबा."

"कंचं?"

मेघाला तो अर्थ ठाऊक होता. डिक्शनरीत तो इतर अर्थांच्या शेजारीच, तितक्याच बारीक अक्षरात होता. मरणाऱ्या माणसाच्या गळ्यातून येणारा आवाज. इतक्या वर्षांत तिने तो घरी आणला नव्हता, आणि का आणला नाही हेही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"सैलवालं," ती म्हणाली. "आत कफ सैल झालाय. तो निघाला की आवाज थांबेल."

आबा तिच्याकडे पाहत राहिले. मग मास्क नीट बसवून त्यांनी मान हलवली.

बाहेर डॉक्टरने दार ओढून घेतलं आणि या वेळी मराठीत सांगितलं. पनवेलला नेऊन मशीनवर ठेवता येईल, पण मशीन काढता येईल असं तो म्हणू शकत नव्हता. पुतळाबाईने पदर तोंडाशी धरून सगळं ऐकलं. म्हणाली, घरी नेऊ. नंतर मेघाचा दंड धरून म्हणाली, "पण त्यांना कायबी बोलू नको. घाबरतील."

मेघा तिथल्या बाकावर बसली. घाबरून हललेल्या माणसालाही इंग्रजीत हाच शब्द लावतात, हे तिला तेव्हा आठवलं. तिने पर्स मांडीवर दाबून धरली.

घरी आल्यापासून ती फक्त ऐकत होती. घाटात आगगाडी चढली की इंजिनाचा आवाज दहिवलीपर्यंत येई. तो येऊन गेला की ती पुन्हा आतल्या खोलीकडे कान लावी. श्वास, मग ते खडे, मग श्वास. पंखा मध्ये येतो म्हणून तिने पंखा बंद केला. आबांना घाम आलेला पाहून लाजून पुन्हा लावला. एरवी इतकी शिस्तीची ती, पण कॉलेजला सुट्टीचा अर्ज पाठवायचं तिला सुचलं नाही, तिचा फोन वाजून वाजून बंद पडला.

माणसं भेटायला येत होती. जय भीम घालून खाटेजवळ बसत, तब्येत विचारत. आणि आबा, दम लागत असतानाही, प्रत्येकाला सांगत, "मेघी बोलली, कफ सैल झालाय. निघंल." डेपोतले जुने सोबती आले, त्यांनाही हेच. मेघा चहाचे कप घेऊन दारात उभी राही आणि आपलं खोटं आबांच्या तोंडून ऐके. त्यांचा त्यावर विश्वास होता, की ते तिच्यासाठी ते सांभाळत होते, हे तिला कळेना.

पोशीरची आत्या रोज आबांच्या फोनवर फोन करायची. येऊ काय रं दादा, एवढंच विचारायची. भात कापणीला आलेलं, माणसं मिळत नव्हती, आणि दिवसभर बोलणारी ती आत्या फोनवर मात्र दोन शब्दांच्या पुढे जात नसे. आबा फोन तोंडाशी धरायला लावत. "कापणी उरक आधी. मी बरा झालो का सवता येतो पोशीरला." मग थकून डोळे मिटत.

एका सकाळी श्वास पुरेनासा झाला, तरी त्यांनी तेच सांगितलं. मेघाने फोन घेतला, तो तसाच चालू ठेवून अंगणात आली आणि म्हणाली, "आत्या, विळा ठेव आणि नीघ. धाकलूदादा गाडी घेऊन येतोय." पलीकडून कापणी करणाऱ्या माणसांचे आवाज येत होते. मग आत्या म्हणाली, "दादाला सांगितलंस काय गं?"

"नाय," मेघा म्हणाली. कॉलेजात गेल्यापासून तिने हा 'नाय' तोंडातून काढला नव्हता.

दुपारी आवाज बदलला. आता खडे नव्हते. कोरड्या शेंगेत आणि ओल्या नळीत एकदमच काही वाजावं, थांबावं, आणि थांबल्यावर पुन्हा वाजेल की नाही याची वाट पाहायला लावावी, असा तो आवाज होता. मेघा उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने मिक्सर चालू केला. भांड्यात काही नव्हतं. मिक्सर रिकामाच किंचाळत राहिला. तिने झाकणावर दोन्ही हात दाबून धरले होते.

पुतळाबाई मागून आली आणि तिने बटण बंद केलं.

"मी ऐकते हाय," ती म्हणाली. "तूबी ऐक. तो एकला काय म्हणून ऐकंल?"

आईने आबांना एकेरी म्हटल्याचं मेघाने पहिल्यांदाच ऐकलं.

आबा जागे होते. मान उशीवर एका बाजूला कलली होती, पण डोळे दाराकडे लागले होते आणि मेघा येताच तिच्यावर स्थिरावले. ओठ हलले. शब्द आला नाही, त्याच्या जागी तो आवाज आला. मेघा खाटेच्या कडेला बसली. त्यांचा हात तिने हातात घेतला. नखांच्या कडांत ग्रीसची काळी रेघ अजून होती. मागे उंबऱ्यात आई उभी होती. मेघाने तिच्याकडे पाहिलं. आईने नको म्हटलं नाही.

"आबा," मेघा म्हणाली. मग त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आबा, दवाखान्यात मी तुमाला खोटं बोलले. कफ नाय तो. माणूस निघतो तवा त्याच्या गळ्यात असा आवाज येतो, त्यालाबी राटल बोलतात. तुमी निघालाव, आबा. आत्या वाटंत हाय. मला लय भ्या वाटतंय, पन मी हितनं उठनार नाय."