धरलेला दोर

साधनानं बाभळीची खुंटी भोकाच्या तोंडाशी धरली आणि हातोडा असा हाणला, की टण्णकन निघालेला आवाज तिच्या दातांपर्यंत पोचला. खुंटी अर्धी आत गेली. आणखी दोन घावांत खडकाशी सपाट झाली. शेवटचा घाव तिनं गरज नसताना घातला, निव्वळ हौसेखातर.

"अवं, पुरे! खडक फोडायले ठेकेदार हाये ना," खालून बळीराम ओरडला.

"ही पण गेली, दादा! आता वरच्या दोनच राहिल्या."

"बोलू नको. पायाकडं ध्यान दे."

पाय बरोबर होते. दसऱ्यापर्यंत तिला घराच्या शिडीवरून खाली बघवत नव्हतं, आणि आता ती दोन बोटांच्या खाचेत अंगठे रोवून, डोक्यावर माघातलं ऊन घेऊन उभी होती. तिच्या वर्गातली एक जरी मुलगी इथं पोचली असती तर साधनानं तिला आपली वेणी कापून दिली असती.

रिसाली गावापलीकडच्या सपाट रानात हा खडक एकटाच उभा होता, कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा. गावातली माणसं त्याला बुढवा पखना, म्हातारा दगड, म्हणायची. पोलादाचा कारखाना आला, रशियन साहेब आले, भट्टीचा सांगाडा आभाळात चढायला लागला, तेव्हा लोखंड वर चढवणारे खलाशी सुट्टीच्या दिवशी इथं यायला लागले. माथ्यावरच्या पिंपळाला त्यांनी कप्पी बांधली, तिच्यातून मनिला दोर ओवला. दोराचं एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला. दुसरं खाली उभ्या माणसाच्या कमरेमागून त्याच्या दोन्ही हातांत. नवी पोरं इथंच शिकायची. "इथं हात सुटला तं गुडघा फुटते," बळीराम त्यांना सांगायचा, "भट्टीवर सुटला तं मानूस पाटीत भरून न्या लागते." मग तो खलाशांच्या दोन जुन्या हाका शिकवायचा. हापेस म्हणजे वर ओढ. आरिया म्हणजे खाली सोड. हाक द्यायची ती वर लटकलेल्यानं. धरणाऱ्यानं ऐकायचं, आणि काही झालं तरी दोर सोडायचा नाही.

ठेकेदाराला मात्र त्या खडकात फक्त गिट्टी, फोडून विकायची खडी, दिसत होती. त्याच्या माणसांनी सुरुंगाची भोकं पाडून ठेवली होती. खलाशांनी वरपर्यंत अर्ज-विनंत्या केल्या, तेव्हा कुठं कारखान्याचे मोठे साहेब सोमवारी खडक बघायला यायला तयार झाले. साहेब यायच्या आत इथं नुसता चुरा पडलेला असावा, अशी ठेकेदाराची घाई. त्यात बळीरामच्या टोलीतल्या सगळ्या खलाशांना रविवारच्या ओव्हरटाईमला बोलावलं होतं. सगळ्यांना! बळीराम ताप आल्याचं सांगून राहिला, आणि बहिणीला घेऊन खुंट्या ठोकायला आला. खुंटी बसलेल्या भोकात बारूद भरता येत नाही.

सुरुंगवाला धोंडबा लांब पळसाखाली बारुदाची पिशवी आणि लाल झेंडी घेऊन बसला होता. त्यानं दोन्ही बाजूंना एकच सांगून ठेवलं होतं, "जोवर खडकावर मानूस, तोवर माही काडी पेटत नाही. मंग तो मानूस कोनाचाबी असो."

साधनानं वरच्या भोकाकडे हात नेला, तेवढ्यात खाली ट्रक येऊन थांबला.

ठेकेदाराचा मुकादम देवीदास उतरला, आणि त्याच्यामागं लाठ्या घेतलेले तिघं. तिसऱ्याला बघून साधनाचं तोंड उघडंच राहिलं. केवलराम! बळीरामच्या टोलीतला खलाशी. दिवाळीनंतर भांडून ठेकेदाराकडे गेलेला.

"बळ्या, पोट्टीले खाली घे," देवीदास म्हणाला.

"तिची हाक येऊ दे, घेतो."

"माजला का बे? ताप आला होता न तुले?"

"आला ना. तुमाले पाहून आता चढून राहिला."

साधनाला एवढं हसू आलं की खडकावरून पडेल की काय. आणि मग तिलाही राहवेना. तिनं मान वळवून वरूनच आवाज दिला, "देवीदासभाऊ, गिट्टीच पाह्यजे असन तं आपल्या डोक्यातली काढा! लय निंगन!"

लाठीवाल्यांपैकी एकजण फिस्सकन हसला.

देवीदास हसला नाही. त्यानं त्या हसणाऱ्याच्या हातातली लाठी घेतली आणि बळीरामच्या मांडीवर मारली.

दोर धरलेल्या माणसाला मारण्याइतकं सोपं काही नसतं. त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि तो पळतही नाही. बळीराम नुसता वाकला. दुसरी लाठी पाठीत बसली. तिसरी कोपरावर, तिचा आवाज वर साधनापर्यंत आला, ओली फांदी मोडल्यासारखा.

"दादा! आरिया! आरिया कर, मी येते खाली!"

"आत्ता नको!" बळीरामचा श्वास तुटत होता. "मले आवरत नाही… पखना धर… घट्ट धर…"

तिनं गाल खडकाला चिकटवला आणि धरला. खाली लाठी पडत राहिली. बळीरामची शिवीसुद्धा ऐकू येईना, आणि ते जास्त वाईट होतं. मग एक वेगळाच आवाज झाला, मडकं दगडावर टेकवल्यासारखा, हलका. तिच्या कमरेचा दोर एकदम सैल पडला.

तिनं खाली बघायला नको होतं. तिनं बघितलं. बळीराम कुशीवर पडला होता आणि त्याच्या कानामागून रक्त येऊन माती काळी होत होती. साधना नकळत त्याच्याकडे झुकली, आणि अंगठे खाचेतून निसटले.

खडक तिच्या समोरून वर धावला. हनुवटी आपटली, गुडघा सोलला, तोंडात रक्ताची चव आली, आणि कमरेला असा हिसका बसला की डोळ्यांपुढं पांढरं झालं. ती थांबली होती. जमिनीपासून चांगली दोन पुरुष उंचावर ती गोल गोल फिरत होती.

खाली दोर केवलरामच्या हातात होता.

केवलराम! ज्यानं तिच्या मायच्या हातचा झुणका बोटं चाटून खाल्ला, तो. त्याची लाठी बाजूला पडली होती आणि तो दोर खेचत होता. दोर तिच्या कमरेत करकचला. आता हा हिसके देणार, खडकावर आपटून आपटून मारणार, असं तिला लख्ख दिसलं. दुसरं काही दिसतच नव्हतं.

हातोडा तिच्या मनगटाला सुतळीनं बांधलेला होता. वरून खिळासुद्धा खाली पडू द्यायचा नाही, हे खलाशाचं पहिलं शिक्षण. तिनं दातांनी सुतळी सोडली. नेम धरला. आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून हातोडा खाली भिरकावला.

तो केवलरामच्या मानेशेजारी, खांद्याच्या हाडावर बसला. कट्टकन आवाज झाला. केवलराम गुडघ्यावर आला, त्याचा डावा हात एका बाजूनं कडी निखळलेल्या बादलीसारखा लोंबला. दोर वीतभर सरकला. साधनानं डोळे मिटले.

दोर थांबला.

तिनं डोळे उघडले तेव्हा केवलरामनं दोर उजव्या मनगटाला गुंडाळला होता. दुसरा फेरा कमरेमागून गेलेला होता आणि तो सगळं अंग मागं टाकून बसला होता. मनगटाची कातडी सोलवटून दोर लाल होत होता. आता तिला कळलं, की तो मघापासून खेचत नव्हता. तो धरत होता.

"सोड बे तो दोर," देवीदास म्हणाला.

"पोट्टी हाये वर."

"मले दिसून नाही राहिलं का? सोड म्हणतो ना!"

केवलरामनं देवीदासकडे असं बघितलं, जणू त्याला ही भाषाच येत नसावी. बाकीचे दोघं लाठीवाले एकमेकांकडे बघायला लागले. पळसाखाली धोंडबा उठून उभा राहिला.

"धरेल दोर सोड म्हणते हा," केवलराम कुणाला तरी सांगितल्यासारखं हळू म्हणाला. मग त्यानं मान वर केली. घामानं त्याचे डोळे मिटत होते. "बोल, बाई. एकच हात राहिला माहा."

साधनाच्या डोक्यावर उरलेली दोन भोकं तोंड उघडून होती. तिनं एकदा त्यांच्याकडे बघितलं. तिच्या हातात काहीच नव्हतं.

"आरिया," ती म्हणाली.

त्यानं तिला खाली घेतलं. थोडं सोडायचा, थांबायचा, दातांतून श्वास ओढायचा, पुन्हा थोडं सोडायचा. तिचे पाय जमिनीला लागले तशी ती धावली. कमरेचा दोर मागं सळसळत आला.

बळीरामचा श्वास चालू होता. एक डोळा सुजून बंद झाला होता, दुसरा तिला शोधत होता. धोंडबानं आपलं डोक्याचं फडकं काढून त्याच्या कानामागं दाबलं होतं.

"लागलं का तुले?" बळीरामनं विचारलं.

"मले?" साधना म्हणाली, आणि हनुवटीवरचं रक्त तिनं हातानं पुसून टाकलं.

"झाला तमाशा," मागून देवीदास म्हणाला. "धोंडबा, वरची दोन भोकं रिकामी हायेत. चढ अन् भर. खडकावर कोनी नाही आता."

धोंडबानं खडकाकडे बघितलं. खरंच कुणी नव्हतं. त्याच्या तोंडावर काहीतरी आलं आणि गेलं. साधनाला फडकं धरायला देऊन तो पळसाखाली गेला आणि पिशवी घेऊन परत आला.

"बाई."

केवलराम तिच्यासमोर उभा होता. डावा हात त्यानं उजव्यानं पोटाशी धरला होता, खांदा एका बाजूनं खचलेला. तो तिच्या कमरेकडे बघत होता.

"गाठ सोड. मले बांध."

"काय?"

"बांध म्हणतो. माह्याच्यानं एका हातानं होत नाही."

फडकं तिनं बळीरामच्या हातात दिलं, त्यानं ते स्वतःच दाबून धरलं. गाठ सोडताना तिची बोटं नीट चालत नव्हती. पण केवलरामच्या कमरेला बांधताना ती चालायला लागली, कारण ही गाठ तिला झोपेतसुद्धा येत होती. जवळून त्याच्या अंगाला विडीचा आणि रक्ताचा वास येत होता. त्यानं दोराचं दुसरं टोक पायानं तिच्याकडे सरकवलं.

"घे. कमरेमांगून."

"मी तुमाले हातोडा मारला," साधना म्हणाली.

"लागला ना. नेम बराच हाये तुहा." त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, तो हसला की कळ आली, कळलं नाही. "आता धर."

तो खडकाशी गेला. उजवा हात वरच्या खाचेत घातला, पाय उचलून पहिल्या पायरीवर ठेवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला,

"हापेस."

साधना मागं झुकली. दोर ताठला, तळहातांत पेटला. माणसाचं ओझं एवढं असतं हे तिला माहीतच नव्हतं. आजवर ती नेहमी दोराच्या दुसऱ्या टोकाला होती. टाचा मातीत घसरल्या, पुन्हा रुतल्या. केवलराम गुडघाभर वर गेला. मग कमरेएवढा. त्याच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघाला, आणि तो पुन्हा म्हणाला, "हापेस," आणि ती पुन्हा झुकली.

धोंडबानं पिशवी खाली ठेवली.

"मुकादम," तो म्हणाला, "मानूस हाये खडकावर."

मग मातीत लाठी घासत आल्याचा आवाज झाला. देवीदासची पावलं साधनाच्या मागं येऊन थांबली. बळीराम तिचं नाव घेऊन काहीतरी ओरडला.

तिनं मागं वळून बघितलं नाही. तिनं श्वास आत घेतला, पाठ कडक केली आणि वरून हाक येते का, तेवढंच ऐकत राहिली.