भटूचा कीबोर्ड उतरतो तेव्हा

कीबोर्ड उतरत नाही. हार्मोनियम उतरते, तंबोरा उतरतो, हळदीत नाचणाऱ्यांची दुसऱ्या दिवशी दुपारी उतरते. कीबोर्ड हे यंत्र आहे, त्याचा सूर कारखान्यातच ठरलेला असतो. हे मला कळतं, तर माझ्या नवऱ्याला कळत नव्हतं असं थोडंच आहे. तरी शिंदखेड्याच्या त्या हळदीत योगराजने गाणं मध्येच तोडलं, मागे वळला आणि म्हणाला, "भटू, तुझा कीबोर्ड उतरलाय."

भटू हसला. "दादा, हाई मशीन शे. मशीन कशी उतरी?"

योगराज हसला नाही. भटूने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने सेटिंगमध्ये जाऊन सूर केसभर वर सरकवला. "तू सांगस तेच खरं," म्हणाला, आणि आम्ही गाणं पुन्हा उचललं.

आता तुम्ही म्हणाल, भटू म्हणजे नंदीबैल. तसं नाही. आमच्या बँडात सूर योगराजच्या कानाने लागतो, ही पहिल्यापासूनची रीत. आम्ही अहिराणी गाणी रॉकच्या अंगाने वाजवतो. गिटार योगराजची, कीबोर्ड भटूचा, गळा माझा. कार्यक्रमाआधी योगराज जाड तार छेडतो, डोळे मिटतो, खुंटी पिळतो आणि मान हलवतो. मग बाकीचे त्याच्या मागे. ट्यूनर म्हणून एक चिमट्यासारखी डबी मिळते, ती गिटारला लावली की सूर जुळल्यावर हिरवा दिवा लागतो. भटूने ती एकदा आणली होती. "ज्याला कान नाहीत त्याने लावावी," योगराज म्हणाला, आणि डबी घरी गेली ती कपाटात पडली.

त्याला माज होता, आणि तो त्याला शोभत होता. धुळ्याच्या देवपुरात जयंतीच्या मिरवणुकीत पुढे-मागे डीजे दणाणत असताना हा माणूस कुणाच्याही ड्रमची सैल झालेली कातडी ओळखायचा. त्याची बोटं तारांवर पळायला लागली की नवरदेवाचे मामासुद्धा नाचायचे थांबून बघत राहायचे. गिटारच्या पट्ट्या तो स्वतः घासायचा, आतली वायरिंग स्वतः करायचा. ॲम्प, म्हणजे गिटारचा भोंगा, त्याने कपाटाएवढा करून घेतला होता. "आवाज बरगड्यांत लागला पाहिजे," म्हणायचा. मी मेडिकलमधून कानात घालायचे बोळे आणून दिले होते. ते त्याने कापून गिटारच्या, पायाने दाबायच्या पेडलखाली चिकटवले, पेडल स्टेजवर सरकू नये म्हणून. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

स्टेजवर आमच्या जागा ठरलेल्या. मधोमध ॲम्प, त्याच्या एका बाजूला योगराज, म्हणजे भोंगा त्याच्या डाव्या कानाशी. दुसऱ्या बाजूला मी, भोंगा माझ्या उजव्या हाताला. योगराजच्या उजव्या पायाशी एक छोटा स्पीकर असतो, त्यातून त्याला भटूचा कीबोर्ड आणि माझा आवाज ऐकू येतो. मी उजव्या हातात माईक धरते आणि डाव्या तळव्याने डावा कान झाकते. पुष्कळ गाणाऱ्यांना ही सवय असते, आपला सूर आपल्याला सापडावा म्हणून.

शिंदखेड्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात कीबोर्ड उतरायला लागला. मग माझी पाळी आली. "वृषाली, खाली लागतोय. चढव जरा," तो गाण्याच्या मध्ये खुणावायचा. चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करते, घरात आणि भटूसमोर तू. पहिल्या वेळी घरी येऊन मी म्हटलं, "तूच गा मग." पण पुढच्या वेळी चढवलं. नवल म्हणजे मला ते जड गेलं नाही. तिथेच आवाज नीट बसतो, असंच वाटत गेलं. मला त्याच्या कानाचं पुन्हा एकदा कौतुक वाटलं.

फक्त घरातली एक गोष्ट मला खटकत होती. आमचा इन्व्हर्टर किणकिणायला लागला होता. बारीक, सतत, डासासारखी किणकिण. मी योगराजला सांगून थकले. "मला तर काही ऐकू येत नाही," तो म्हणायचा. ड्रमची कातडी ओळखणाऱ्या माणसाला हाताच्या अंतरावरचा इन्व्हर्टर ऐकू येऊ नये? तेव्हा पहिल्यांदा मला त्याच्या कानाची शंका आली. मी कोणाला बोलले नाही.

अशातच पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. त्यांनी योगराजचं वाजवणं मोबाईलवर पाहिलं होतं. जळगावच्या स्टुडिओत तीन गाणी रेकॉर्ड करून पाठवा, पसंत पडली तर पुढे सगळं आमचं, असं म्हणाले. योगराज धुळ्याच्या गल्लीत गिटार शिकला तेव्हापासून याच फोनची वाट बघत होता. भटूने पेढे वाटले. योगराजने केस कापून घेतले, आणि त्याच्या केसांवरून मी केलेली सगळी भांडणं एका दिवसात वाया गेली.

जळगावचा रेकॉर्डिस्ट भूपेंद्र थंड डोक्याचा माणूस. त्याने आधी भटूचा कीबोर्ड पुन्हा कारखान्याच्या सुरावर आणला, मग गिटारला डबी लावायला सांगितली. योगराजने तोंड वाकडं केलं, पण लावली. गिटार रेकॉर्ड झाली. मग मी काचेपलीकडच्या खोलीत गेले. हेडफोनची डावी बाजू सवयीने मागे सारली आणि गायले.

"ताई, सूर चढतोय," भूपेंद्र म्हणाला.

मी पुन्हा गायले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"ती बरोबर गातेय," योगराज बाहेरून तडकला. "गिटार ऐकवा मला परत."

भूपेंद्रने नुसती गिटार लावली. योगराजने हेडफोन घातला, काढला. एकच बाजू डाव्या कानाला दाबली. मग तीच बाजू उजव्या कानाला. परत डाव्या. मी काचेतून बघत होते. त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू गेला आणि त्या जागी काहीच राहिलं नाही. त्याने हेडफोन टेबलावर इतका हळू ठेवला की मला तो आपटला असता तर बरं वाटलं असतं.

"दोन कानांत दोन सूर येताहेत," तो म्हणाला.

भूपेंद्रनेच आम्हाला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी बंद खोलीत बसवून योगराजचे कान तपासले. भोंग्याने डावा कान आतून झिजवला होता. त्या कानाला प्रत्येक सूर चढा लागत होता, उजव्याला अजून खरा. गिटार डाव्या कानाशी वाजायची म्हणून चढी भासायची, आणि आमचा आवाज छोट्या स्पीकरमधून उजव्या कानाशी यायचा म्हणून आम्ही उतरलेले. त्याच्या झिजलेल्या कानाला जुळावं म्हणून त्याने आम्हा सगळ्यांना वर चढवलं होतं, आणि आम्ही चढलो होतो. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. असंच चालू ठेवलं तर उजवाही याच वाटेने जाईल. गाणाऱ्या बाईंचेही कान एकदा तपासून घ्या, असंही ते जाता जाता म्हणाले. मी हो म्हटलं आणि योगराजची फाईल पिशवीत घातली.

परतीच्या वाटेवर पारोळा मागे पडला. भटू गाडी चालवत होता, त्याचे डोळे सारखे आरशात.

"पुण्याला कळवून टाकतो," योगराज म्हणाला. "सूर कळत नाही तो काय वाजवणार? डबीकडे बघत?"

"डबी कशाला?" मी म्हटलं. "तुझा कान गेला, माझा आहे ना. मी सांगेन तशी तार लाव. भोंगा लहान करू. तू वाजव, मी ऐकते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "खरंच सांगशील? मला बरं वाटावं म्हणून नाही?"

"तुला बरं वाटावं म्हणून मी आजवर काही केलंय का?"

तो हसला. भटू पुढून म्हणाला, "वहिनी शे तवर चिंता नही." माझ्या माणसाचं सगळं आयुष्य आता माझ्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तेव्हा तो गिटार घेऊन जमिनीवर बसला होता. कपाटातली डबी तारांच्या टोकाला लावलेली. ॲम्प नव्हता, नुसती गिटार. घर शांत होतं, दुपारची गल्लीही शांत होती.

"आधी डबीने लावतो," तो म्हणाला. "मग डबी काढून तू सांगायचं. आजपासून सराव."

त्याने जाड तार छेडली. खुंटी पिळली. दिवा हिरवा झाला.

मी त्याच्यासमोर बसले, सवयीने डावा तळवा डाव्या कानावर धरला आणि ऐकलं.

"चढली आहे," मी म्हणाले.

"दिवा हिरवा आहे, वृषाली."

"परत वाजव."

त्याने वाजवली. चढलेलीच होती. डबीतला सेल संपत आला असेल, असं मला वाटलं. भाजीच्या पिशवीने डावा हात अवघडला होता, म्हणून मी तो खाली घेतला आणि उजवा हात उजव्या कानावर ठेवला. तीच तार होती, खुंटीला कोणी हात लावला नव्हता. सूर खाली आला आणि जागेवर बसला.

मी हात बदलला. चढला. पुन्हा बदलला. उतरला.

"परत वाजव," मी म्हणाले.

योगराज वाजवत राहिला. त्याचं डबीकडे लक्ष नव्हतं, तो माझ्या हातांकडे बघत होता. जळगावला मी काचेतून त्याला जसं बघत होते, तसं. मग त्याने सगळ्या तारांवर तळवा ठेवला.

घरात काहीच वाजेना. तेवढ्यात ती किणकिण सुरू झाली, आणि मला इतका राग आला की रडूच फुटायचं बाकी राहिलं.

"तो मेला इन्व्हर्टर आधी बंद कर," मी म्हणाले. "त्याच्या आवाजात मला काही कळत नाही."

योगराजने गिटार मांडीवरून खाली ठेवली.

"इन्व्हर्टर सकाळीच दुरुस्तीला दिला," तो म्हणाला. "तू सारखी म्हणत होतीस म्हणून."

मी कोपऱ्यात पाहिलं. तिथे नुसती वायर लोंबत होती आणि खाली धुळीचा चौकोन राहिला होता. किणकिण चालूच होती.