कॉलरच्या आतला डाग

बाबांच्या अस्थी तात्पुरत्या देवळात ठेवल्या होत्या. एकोणपन्नासाव्या दिवसाची पूजा झाली की त्या अस्थिगृहात हलवायच्या, आणि तिथला कोनाडा एकट्याचा घ्यायचा की जोडप्याचा, हे त्याआधी कळवायचं होतं. यात विचारण्यासारखं काही आहे असं हेवॉनला वाटलंही नव्हतं. तरी फोनवर बोलण्याची ही गोष्ट नव्हे, म्हणून ती घरी गेली. आई बाल्कनीत बसून वाळवलेला मुळ्याचा पाला निवडत होती.

"एकट्याचा घे," आई म्हणाली.

"आणि तू?"

"मी माझ्या आईजवळ जाईन. नाहीतर नदीत सोडा मला. त्यांच्या शेजारी मी यायची नाही."

हेवॉनला वाटलं, दुःखाने बोलतेय. पण आईचा हात थांबला नव्हता. पिवळी पानं एका बाजूला, हिरवी एका बाजूला.

"दर शनिवारी एवढ्या हौसेने डोंगर चढायला कशाला जायचे, तुला काय वाटतं?" आई म्हणाली. "बाई होती."

"कोण म्हणतं?"

"तेच म्हणाले. मी विचारलं होतं. शर्टाच्या कॉलरला बायकांच्या तोंडाचा रंग लागलाय, कुणाचा म्हणून. आधी नुसते जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, हो, आहे एक. संपवतो."

"मग संपवलं?"

"डाग कुठे संपले?" आईने एक देठ कचकन मोडला. "पाच वर्षं घासतेय मी त्या कॉलरी. आधी साबण, मग ब्रश. लोकांना वाटतं, या मालसुनचा नवरा देवमाणूस. मढ्याला नमस्कार करायला आलेला प्रत्येक जण तेच म्हणायचा."

बाबा, आडनाव छे, नाव बोंगसिक, आयुष्यभर देगू शहराच्या पाणीपुरवठा खात्यात होते. कमी बोलणारे, जेवताना वर्तमानपत्र वाचणारे. अशा माणसाला बाई असेल असं हेवॉनला खरं वाटेना, आणि ज्याने स्वतः कबूल केलं त्याच्या बाजूने बोलायला तोंडही उरलेलं नव्हतं.

निघताना तिने दाराशेजारच्या खुंटीवरची त्यांची डोंगराची पिशवी घेतली.

गाडीत बसून तिने पिशवी उघडली. काकडी सोलायची सुरी, ओले रुमाल, दुमडायची चटई. आणि आतल्या कप्प्यात, मोज्यात गुंडाळून ठेवलेली एक गोल डबी. फाउंडेशनची, आत आरसा आणि थोपटायचा स्पंज असतो तसली. अर्ध्याहून जास्त संपलेली. मागे रंगछटेचा नंबर होता, एकवीस.

एकवीस म्हणजे गोरी. आपला नंबर कुठल्या बाईला ठाऊक नसतो? आईचा तेवीस, तिचाही तेवीस. म्हणजे ही आईपेक्षा उजळ, बहुधा तरुण. आपली डबी दुसऱ्याच्या पिशवीत विसरण्याइतकी सवयीची. मोजा बाबांचाच होता, करडा, टाचेला आईने शिवलेला. त्याच मोज्यात त्यांनी ती जपून ठेवली होती. तिने डबी परत मोज्यात घातली आणि हात पुसले.

शनिवारी दुपारी ती डोंगराच्या पायथ्याच्या खानावळीत गेली. बाबांचं डोंगर चढणाऱ्यांचं मंडळ खाली उतरलं की तिथेच बसतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पातीच्या कांद्याची धिरडी आणि तांदळाच्या दारूची किटली घेऊन सात-आठ जण बसले होते. तिला बघताच सगळे उठले.

"अरे, छे दादांची मुलगी! ये पोरी, बस." हे मा काका, लष्करातून निवृत्त झालेले हवालदार, मंडळात सगळ्यात मोठ्या आवाजाचे. "खानावळवाल्या ताई, एक वाटी आणा इकडे!"

त्यांच्या शेजारी मंडळाच्या चिटणीस बसल्या होत्या, प्यो कुमजा. उन्हासाठी डोळ्यांपर्यंत चढवलेला कपडा, वर रुंद काठाची टोपी. चेहरा म्हणून काही दिसतच नव्हतं. हेवॉन त्या दोन डोळ्यांकडे बघत राहिली. ते डोळे लगेच खाली गेले.

"बाबा डोंगरावर कुणाबरोबर असायचे?" तिने विचारलं.

"आम्ही सगळेच की," मा काका म्हणाले.

"म्हणजे खास कुणाबरोबर?"

कुणी धिरडं तोडायला लागलं, कुणी वाटी भरायला. मा काका खोकले. "दादा अलीकडे मागे मागेच असायचे. आम्ही उतरायला लागलो की ते वर पोचायचे."

"एकटे?"

"अं... कुमजाताई परत वर जायच्या कधी कधी."

"मा साहेब, तुम्ही धिरडं खा," कुमजा म्हणाल्या. मग हेवॉनकडे वळून, अगदी हळू, "पोरी, गेलेल्या माणसाचं काय उकरायचं. राहू दे ना."

राहू दे! हेवॉनने पिशवीतून मोजा काढला, मोज्यातून डबी काढली आणि धिरड्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"ही तुमची का?"

कुमजांनी तोंडावरचा कपडा खाली ओढला. उन्हाने रापलेला, गालांवर काळे डाग पडलेला साठीचा चेहरा. त्या चेहऱ्यावर एकवीस नंबर चुना फासल्यासारखा दिसला असता.

तेवढ्यात मा काका हसले. "अरेच्चा! म्हणजे दादांनी सोडलं नव्हतं तर!"

कुमजांनी त्यांच्या दंडावर एक ठेवून दिली. "तुमच्या याच दात काढण्यामुळे ते मागे राहायला लागले!"

"मी काय केलं? गंमत केली. एवढंच म्हटलं, दादा, नवरी नटतेय ती, वरात कुठल्या गावाला उतरायचीय? सगळेच हसले होते. तुम्हीसुद्धा."

"मीसुद्धा," कुमजा म्हणाल्या.

हेवॉन एकीकडून दुसरीकडे बघत राहिली. "कोण नटतेय?"

"तुझे बाबा, दुसरं कोण?" कुमजांनी डबी उचलली आणि उघडून तिच्यासमोर धरली. "शिखरावर नाव कोरलेल्या दगडापाशी आम्ही फोटो काढतो ना, त्याच्या आधी. पाठ करून उभे राहायचे आणि तोंडाला थोपटायचे. हसणं झालं त्यानंतर सगळे उतरेपर्यंत ते वाटेतच बसून राहायचे. मग मी परत जाऊन त्यांचा फोटो काढायची. वहिनींना सांगू नका म्हणायचे."

"आजारी होते का?" तिने घाईने विचारलं. "चेहरा खराब दिसायला लागला होता, म्हणून?" हो म्हणाल्या तर किती सोपं होईल, एवढंच तिच्या मनात होतं.

"आजार कसला? या मा साहेबांना पाठीवर घेऊन चढले असते. मी विचारलं होतं एकदा, का लावता म्हणून. म्हणाले, बरं वाटतं."

"बस?"

"बस."

स्पंजावर रंगाचा थर वाळला होता. त्यात बारीक, ताठ, पांढरे केस अडकले होते. दाढीचे खुंट. हे पहिल्या दिवशी गाडीतच दिसायला हवं होतं, पण तिने तेव्हा नंबर बघितला आणि पुढचं बघायची गरज तिला वाटली नव्हती.

परत येताना तिला एक सणाची सकाळ आठवली. तिचा नवरा दोह्यॉन आरशासमोर तोंडाला क्रीम लावत होता. त्याच्या ऑफिसात सगळेच लावतात. बाबा दारातून म्हणाले होते, "आपल्याला जावई मिळालाय की सून?" घरभर हशा झाला. जेवणं उरकल्यावर, भांड्यांच्या आवाजात, त्यांनी दोह्यॉनला विचारलं होतं, "काय रे, घामाने जातं का ते?"

घरी येऊन हेवॉनने डबी पुढे ठेवून जे सांगितलं ते सगळं आईने उभ्यानेच ऐकलं. मग एकदम म्हणाली, "खोटं. मंडळवाले एकमेकांना सांभाळून घेतात. त्या बाईने तुला पढवून पाठवलंय."

एकोणपन्नासाव्याला जाळायचे कपडे खोक्यात भरून ठेवले होते. हेवॉनने वरचा डोंगराचा शर्ट काढला. शेवटच्या शनिवारचा, न धुतलेला. तिने कॉलर उलटी केली. डाग आतल्या बाजूला होता, जबड्याखाली जिथे कॉलर घासते तिथे, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. बाहेरची बाजू स्वच्छ होती. खांदे स्वच्छ होते. छाती स्वच्छ होती.

"आई, दुसऱ्या कुणाचा असता तर आतून कसा लागला असता?"

आई त्या कॉलरीकडे बघत राहिली. तिने अशा किती घासल्या होत्या.

"तुला कधी वाटलं नाही, आतूनच का म्हणून?"

"त्यांनी हो म्हटल्यावर मी कशाला वाटून घेऊ?" आईचा आवाज चढला. "म्हणजे पाच वर्षं मी जिला शिव्या घातल्या ती बाई नव्हतीच? मी तिला चेहरा दिला होता, गं. बाजारात एखादी गोरी दिसली की मागे वळून बघायची मी!" ती खुर्चीत बसली. "तोंडाला रंग लावतो, एवढं सांगायचं सोडून बाई आहे म्हणाले. बायकोला. हे सोपं वाटलं त्यांना?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

आईने शर्ट तिच्या हातातून घेतला.

"हसले असते," ती म्हणाली.

कपाटावर बाबांचा फोटो होता, काळी फीत लावलेला. शिखरावरच्या फोटोतून कापून मोठा केलेला. मागचा दगड काढून टाकला होता, आकाश तेवढं ठेवलं होतं. तो आईनेच निवडला होता. यात सगळ्यात छान दिसतात म्हणून. अंत्यविधीचे तीन दिवस माणसं त्यासमोर वाकली आणि प्रत्येक जण म्हणत होता, किती तजेलदार दिसतात.

आई उठून त्या फोटोजवळ गेली. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग डबीतला रंग बोटावर घेऊन स्वतःच्या मनगटावर ओढला.

"त्यांचा नंबर हा नव्हेच," ती म्हणाली. "बघ, मान वेगळी, तोंड वेगळं. तेवीसचा माणूस. कुणाला विचारायची सोय नाही, मग दुसरं काय होणार."

तिने डबी मिटली.

"अस्थिगृहाला फोन लाव."

"जोडप्याचा सांगू?"

"सांग. पण माफ केलंय असं समजू नकोस. मला तिथे गेल्यावर विचारायचंय त्यांना."

आईने शर्टाची घडी घातली, डाग आत जाईल अशी, आणि तो जाळायच्या खोक्यात परत ठेवला. डबी मात्र तिने खोक्यात टाकली नाही. कुठे ठेवली ते हेवॉनने बघितलं नाही.