शेवटच्या खुर्चीपर्यंत

"लोर्नाबाई, पॉपकॉर्न ठेवा हो टेबलावर! नुसत्या हसण्यावर पोरं येत नसतात."

शेजारच्या टेबलावरून ट्रेंट मास्तर चिडवत होता. त्याचा वर्ग सिनेमालेखनाचा, त्यामुळे त्याच्यापुढे ही झुंबड. फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळी शाळेच्या भोजनगृहात पुढच्या वर्षीचे विषय मांडले होते आणि बुटांवरचा बर्फ झटकत अख्खं गाव लोटलं होतं. नववीत गोष्टी, दहावीत भाषणं, अकरावीत अमेरिकी साहित्य, हे कुणालाच चुकत नाही. बारावीला मात्र इंग्रजीचा कुठला वर्ग घ्यायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं. बारा नावं भरली नाहीत की वर्ग बंद.

लोर्ना हॅल्व्हरसन यांच्या 'मोठ्याने वाचन' या वर्गाला एकच नाव कमी पडत होतं.

वर्ग तसा साधाच. दर शुक्रवारी मुलं रस्ता ओलांडून वृद्धाश्रमात जायची आणि म्हाताऱ्यांना गोष्टी वाचून दाखवायची. बाईंचा नियम एकच, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे. त्या खुर्चीत एंगेनआजोबा बसायचे. ऐकू आलं नाही की ते मुकाट्याने हात वर करायचे आणि वाचणाऱ्याला पहिल्या ओळीवर परत यावं लागायचं. बाईंचा जीव या वर्गात होता. नवरा गेल्यानंतरचे शुक्रवार त्यांनी याच्याच आधारावर काढले होते.

"बाई, गिऱ्हाईक आणलंय तुमच्यासाठी!" एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी हायडी लेकीला दंडाला धरून आली. "ब्रिटा, लिही नाव. या वर्गानं मला माणसांत आणलं, ठाऊक आहे? नाहीतर मी मुखदुर्बळ!"

"आई, मला सिनेमाचा—"

"सिनेमे घरी बघतेसच की लोळत! आणि दोन्ही वर्ग एकाच तासाला आहेत. लिही."

ब्रिटाने निमूटपणे पेन उचललं. हे बारावं नाव होतं. आता बाईंना बोलायची काही गरजच नव्हती. नुसतं गप्प बसलं तरी वर्ग वाचत होता, आणि क्षणभर त्या गप्प बसल्याही.

पण ही पोरगी यंदा त्यांच्याच अकरावीच्या वर्गात होती. निबंध कुठलाही द्या, दुसऱ्या परिच्छेदात हिची माणसं एकमेकांशी भांडायला लागायची, आणि तपासता तपासता बाई एकट्याच हसायच्या. असं मूल वर्षातून एखादंच भेटतं.

"ब्रिटा, पेन ठेव," त्या म्हणाल्या. "तुझी जागा त्या टेबलावर आहे."

"अहो बाई!" हायडी चकित झाली. "तुमचा वर्ग बंद पडेल ना!"

"पडेल. म्हणून काय हिला कोंडून ठेवू? तू बोलत नव्हतीस म्हणून तुला वाचायला लावलं. हिला लिहू दे."

ब्रिटाने पेन ठेवलं. ती दोन पावलं गेली, मागे वळली, आणि मग ट्रेंटच्या गर्दीत शिरली. बाईंना मनापासून बरं वाटलं आणि मनापासून वाईटही वाटलं. थोड्या वेळाने ट्रेंट पॉपकॉर्नचा द्रोण घेऊन आला. या खेपेला त्याने चिडवलं नाही.

सप्टेंबरमध्ये बाईंना बंद पडलेल्या वर्गाच्या तासाला नववीचा वर्ग मिळाला. पहिल्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्या पुस्तक घेऊन एकट्याच रस्ता ओलांडून गेल्या.

"पोरं कुठायत?" दारातल्या आजीने विचारलं.

"यंदा मीच आहे. चालेल ना?"

"बघू. वाचून तर दाखव."

बाई वाचू लागल्या. दिवसभर पोरांपुढे ओरडून घसा पार बसला होता. पहिलं पान संपत आलं तेव्हा शेवटच्या खुर्चीतून एंगेनआजोबांचा हात हळूच वर गेला.

बाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.