वस्तुचित्राच्या पेपरात अप्पांचा तांब्या

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चन्नबसप्पांनी मूठभर तूर नुसती हातावर घेतली, की ती कुठल्या शिवारातली, किती वाळलेली आणि विकणारा किती खोटं बोलून राहिला, हे सगळं ते सांगून टाकत. असा माणूस, पण पोटच्या पोरीनं त्यांना फसवलं. निदान त्यांचं स्वतःचं तरी तसंच म्हणणं होतं.

झालं असं, की लातूर जिल्हा वेगळा निघाला आणि उदगीर बसल्या जागी उस्मानाबादेतून उठून लातुरात गेलं. त्या गडबडीत शिवकांतानं बापाला बरोबर गाठलं. नवीन जिल्हा म्हणजे नवीन कचेऱ्या, नवीन शाळा, सगळ्यांना पाट्या लागणार, चित्रकलेचे मास्तर लागणार, तेव्हा मला नांदेडच्या चित्रकलेच्या कॉलेजात घाला, असं तिनं सांगितलं. व्यापाऱ्याच्या डोक्याला हे पटलं. उशिरा का होईना, पोरीचं नाव दाखल झालं.

पण सहा महिन्यांत काय झालं, तर तालुक्यातल्या झाडून सगळ्या पाट्या एकाच पेंटरनं उरकून टाकल्या. त्याही पूर्ण नाहीत हो. खालचं ‘उस्मानाबाद’ तेवढं पुसलं, त्यावर ‘लातूर’ लिहिलं आणि मोकळा झाला. चन्नबसप्पा भडकले. आता तू काय रंगवणार, असं त्यांनी पोरीला पत्रातून विचारलं, आणि कळवलं की परीक्षेच्या दिवशी मी स्वतः येतो. काही कामाचं दिसलं तर पुढचं वर्ष, न्हाई तर त्याच दिवशी एस्टीनं माझ्याबरोबर परत. परत म्हणजे औरादचं स्थळ, हे शिवकांताला सांगावं लागलं नाही. त्या मुलाची पिठाची गिरणी होती आणि तो बघायला आला तेव्हा दीड तास तिच्या पट्ट्याबद्दलच बोलला होता. वाईट नव्हता बिचारा. पण शिवकांताला चित्रं काढायची होती, आणि हे कॉलेज सुटलं तर आपण आतून वाळून जाऊ असं तिला खरोखर वाटत होतं.

त्या वर्षी पावसानं पोळ्याच्या आधीच पाठ फिरवली होती. नांदेडला गोदावरी असून चैत्रात पात्रात वाळू तेवढी उरलेली. कॉलेज म्हणजे गावाबाहेरच्या वसाहतीतल्या पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं उघडं अंगण आणि अंगणाला लागून रस्ता. वसाहतीत टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. म्हणून बायांनी आपली रीत पाडली होती. कुठं चार भांडी ओळीनं दिसली, की त्यांच्या मागं आपलं भांडं ठेवायचं. भांडं नसेल तर वीट, वीट नसेल तर चप्पल. रांग कशाची, कुणी लावली, हे विचारत बसायचं नाही. जो विचारत बसतो त्याचा नंबर जातो.

आता शिवकांताला हे ठाऊक नव्हतं का? होतं की. रोज तीही तेच करत होती. पण परीक्षेच्या दिवशी माणसाचं डोकं ठिकाणावर असतं तर मग काय पाहिजे होतं.

वस्तुचित्राचा शेवटचा पेपर होता, सकाळी नऊ ते चार. मांडणी ज्याची त्यानं करायची, आणि पेपर सुरू झाला की मांडणीला हात लावायचा नाही, हा नियम. खोलीत अंधार आणि उकाडा. शिवकांतानं अंगणात, रस्त्याच्या कडेला, उजेड पाहून मांडणी केली. तडा गेलेला रांजण, पितळी घागर, कळशी, बादली आणि तेलाचा पत्र्याचा डबा. ओळीनं. सावल्या छान लांब पडल्या होत्या. तिचं मन भरून आलं, आणि तिनं पेन्सिल उचलली.

साडेनऊला केवळाबाई आल्या. समोरच्याच घरातल्या, आवाजानं अख्ख्या वसाहतीला पुरून उरणाऱ्या. त्यांनी ओळ पाहिली, घरात गेल्या आणि तांब्याची मोठी घागर आणून डब्याच्या मागं ठेवली. शिवकांता म्हणाली, मावशी, ही रांग नाही, हे चित्र आहे. केवळाबाई हसल्या. गेल्या आठवड्यात एकीनं वाळवण हाय म्हणून सांगितलं होतं, तुझं चित्र, असं म्हणून घागर जरा ओळीत सरकवून त्या गेल्या. त्यांच्या मागं कुणाची तरी निळ्या पट्ट्याची चप्पल आली.

शिवकांता धावत अर्जुनराव सरांकडं गेली. सर भला माणूस, पण नियमाचा पक्का. ते बाहेर आले, घागरीकडं बघितलं, चपलेकडं बघितलं, डोकं खाजवलं. मांडणीला हात लावता येत नाही, तुलाही नाही आणि मलाही नाही, असं त्यांनी जाहीर केलं. समोर आहे ते काढ. आणि ते परत खोलीत गेले.

दहा वाजता चन्नबसप्पा उतरले. पहाटेच्या एस्टीनं निघालेले, अंगभर धूळ, पोटात कण नाही. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा घोट घेत नसत, आणि पूजेला तांब्याभर पाणी लागतं. कॉलेजच्या टाकीत खडखडाट. पेपर चालू असताना पोरीशी बोलायला बंदी. तेवढ्यात त्यांना रांग दिसली. तीस वर्षं मोंढ्यात काढलेला हा माणूस, कुणाला काही विचारावं की न्हाई? न्हाई. पिशवीतून पूजेचा तांब्या काढला, चपलेच्या मागं घाईनं टेकवला आणि सावलीला जाऊन बसले.

अप्पांच्या या तांब्याला एका बाजूला पोचा होता. शिवकांता पाच वर्षांची असताना तो पालथा घालून त्याच्या काठाभोवती खडूनं गोल काढत बसली होती आणि तिच्या हातून तो ओट्यावरून पडला. एक चापट बसली होती. तेव्हापासून घरात तो तांब्या नेहमी पोचा भिंतीकडं करूनच ठेवला जायचा. आज घाईत पोचा पुढं आला होता. ऊन त्यात नेमकं भरलं होतं. तिला राहवेना. ती बाकी सगळं सोडून आधी तोच काढू लागली, आणि बाप बघून राहिलाय हे विसरून गेली.

बारापर्यंत केवळाबाईंची घागर, चप्पल आणि तांब्या रंगून झाले. तोवर रांग कोपऱ्यावरून वळली होती. चाळीस भांडी, अकरा विटा आणि एक तीन पायांची खुर्ची. शिवकांतानं कागद संपेल तिथं रांग तोडली. मग ती मान खाली घालून रांजणाच्या तड्याला लागली, आणि तास दीड तास तिनं वर पाहिलंच नाही.

वर पाहिलं तेव्हा तांब्या जागेवर नव्हता. तो पुढं आला होता, थेट केवळाबाईंच्या घागरीच्या पुढं, डब्याला खेटून, पोचा घरच्यासारखा मागं लपवून. केवळाबाई भाकरी टाकायला घरी गेल्या होत्या. चन्नबसप्पा सावलीत बसून आभाळाकडं बघत होते, अगदी बारकाईनं. शिवकांताला सगळं कळलं. पण पाण्याचे रंग एकदा कागदात मुरले की मुरले, आणि रंगाची वाटीही कोरडी पडत आली होती. तिनं चित्र होतं तसं ठेवलं.

पावणेचारला टँकर आला. खरं तर तो पुढच्या वसाहतीला चालला होता. पण एवढी थोरली रांग बघून ड्रायव्हरला वाटलं, आपणच वार चुकलो. त्यानं गाडी उभी केली आणि नळी सोडली. अर्जुनराव सर परीक्षा, परीक्षा म्हणत धावले, पण चाळीस बायांपुढं त्यांचं कोण ऐकतो. पहिला रांजण भरला आणि तड्यातून भळाभळा वाहू लागला. बायांचा जीव वरखाली झाला. असला फुटका रांजण पुढं कुणी ठेवला म्हणून शिवकांताच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. घागर, कळशी, बादली, डबा भरले, आणि नळी तांब्यावर आली.

केवळाबाईंनी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. हा तांब्या कुणाचा, आणि माझ्यापुढं कसा?

चन्नबसप्पा उठून आले. तांब्या पहिल्यापासून इथंच होता, असं त्यांनी मोंढ्यातल्या आवाजात सांगितलं. केवळाबाई म्हणाल्या, न्हाई. ते म्हणाले, हाव. ड्रायव्हर म्हणाला, डिझेल जळून राहिलंय. शेवटी केवळाबाईंनीच तोडगा काढला.

“त्या पोरीला विचारा. सकाळपासून समदं उतरवून घेऊन राहिली हाय ती.”

झालं. अख्खी वसाहत चित्राभोवती जमली. नेमके तेव्हाच औरंगाबादहून आलेले परीक्षक खोल्यांतली चित्रं तपासून बाहेर आले होते. तेही गर्दीत शिरले. चित्रात स्पष्ट होतं: डबा, केवळाबाईंची घागर, निळ्या पट्ट्याची चप्पल आणि तिच्या मागं पोचा पडलेला तांब्या.

परीक्षकांनी चष्मा वर केला, मांडणी बघितली, चित्र बघितलं. मांडणीत तांब्या पुढं आहे आणि चित्रात मागं, हे त्यांनी वहीत टिपायला घेतलं. वस्तूंचे क्रम चुकले तर गुण कापावे लागतात, असं ते सरांना म्हणाले. मग चन्नबसप्पांकडं वळले. तुम्ही इथं बसून होतात, चूक मुलीची का?

शिवकांताला दोन्ही वाटा दिसल्या. बापानं हाव म्हटलं, की परीक्षाही गेली, कॉलेजही गेलं, आणि संध्याकाळची एस्टी. न्हाई म्हटलं, तर उदगीरच्या मोंढ्यात ज्यांच्या शब्दावर पोती उतरतात ते चन्नबसप्पा चाळीस बायांसमोर नंबर मारणारे ठरणार. तिला बापाची दया आली. आपण तो तांब्या काढायलाच नको होता, असंही क्षणभर वाटलं.

चन्नबसप्पा चित्रापाशी वाकले. हातावरची तूर बघतात तसं त्यांनी डोळा बारीक करून बघितलं. पोच्यातलं ऊन बघितलं. बोट अगदी जवळ नेलं, पण लावलं नाही. ड्रायव्हरनंही इंजिन बंद केलं.

“चित्र बरोबर हाय,” ते म्हणाले. “तांब्या मी सरकवला.”

चन्नबसप्पांनी तांब्या उचलला, केवळाबाईंची घागर ओलांडली आणि चपलेच्या मागं जाऊन ठेवला. मग पुन्हा चित्राकडं पाहिलं, परत वाकले आणि तांब्या फिरवून पोचा पुढं केला. परीक्षकांनी वहीत लिहिलेलं खोडलं. शिवकांताला रडू फुटलं आणि ते लपवायला तिनं कुंचला वाटीत बुडवला, तर वाटीत पाणी नव्हतं.

केवळाबाईंनी नळीवरचा अंगठा काढला. घागर भरली. चपलेच्या मालकिणीनं आपला हंडा आणला, तोही भरला. मग तांब्या भरला. चन्नबसप्पांनी कोपऱ्यात बसून पूजा उरकली, उरलेलं पाणी पोरीच्या वाटीत ओतलं, आणि फडक्यातली भाकरी सोडली.

घागर डोक्यावर घेऊन केवळाबाई शिवकांतापाशी थांबल्या.

“उद्या कशाचा पेपर हाय गं? भांडी कितीला मांडायची?”

शिवकांता कुंचला धूत होती. उत्तर चन्नबसप्पांनी दिलं, भाकरीचा घास तोंडात असतानाच.

“उद्या न्हाई, बाई. आता पुढल्या वर्षी. येणार हाय ती.”