कोपरा फाडलेलं कार्ड

१९५८ साली धाकटीच्या वेळी मी अकोल्याला सासरीच बाळंत झाले आणि आई अमरावतीहून आली नाही, म्हणून मी तिच्यावर चांगलीच फुगले होते. ताप आहे, उतरला की येईल, असं माझे यजमान हरिहर रोज सांगत. माणूस वकील, मला पटवणं त्यांना काय जड? टपालही हल्ली तेच दारातून घेत.

त्या दिवशी ते कोर्टात गेलेले. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या गंगूबाईच्या हातात पोस्टमननं कार्ड दिलं आणि ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"बाई, मी हे आत नाही आणत," ती म्हणाली. "लेकरू हाय तिथं. कोपरा फाटेल हाय याचा."

आमच्याकडे मृत्यूची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडतात. असं कार्ड कुणी घरात ठेवत नाही. मी खाट सोडून दाराशी गेले. अक्षर अण्णांचं, माझ्या वडिलांचं. वाचलं, तर पत्र मला नव्हतंच, माझ्या तान्हीला होतं. 'चिरंजीव नातीस' आणि खाली चक्क कविता. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला हा माणूस!

आजी तुझी गं झबलं शिवते,
दोऱ्याला शेवटी गाठ घालते.
गाठ ही सुटेना, दोरा हा तुटेना,
आजीची माया काही आटेना.

मला हसू आलं आणि तसंच गोठलं. उंदरानं कुरतडला असेल म्हणून कोपरा निरखून पाहिला. तिरपा, बोटांनी धरून फाडलेला होता. अण्णांनी स्वतः लिहिलंय, म्हणजे अण्णा आहेत. त्यापुढचा विचार करायला मन धजेना. गंगूबाईनं मला धरून खाली बसवलं.

संध्याकाळी हरिहरांनी माझ्या हातातलं कार्ड पाहिलं आणि काळा कोट न काढताच मटकन बसले. आई बाळाच्या पाचवीलाच गेली होती. ओली बाळंतीण हाय खाईल, दूध तुटेल, मी येऊन सांगेपर्यंत बोलू नका, असं अण्णांनीच त्यांना बजावलं होतं.

तेरावं उरकून अण्णा आले ते मला कसं सांगायचं याची जुळवाजुळव करतच. मी कार्ड पुढ्यात ठेवलं. त्यांनी फाटक्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला.

"हे मी फाडलं?"

आई गेल्यावर ते नातेवाइकांना कार्डं लिहीत बसले होते. लिहायचं, कोपरा फाडायचा, बाजूला ठेवायचं. शेवटी नातीचं लिहिलं आणि हात थांबलाच नाही.

मी रडले, त्यांच्यावर चिडलेही. माझीच आई आणि मलाच का फसवलंत, म्हटलं. त्यांनी बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"सगळीकडे कळवून झालं होतं, कुंदे," ते म्हणाले. "म्हटलं, तुझ्या घरात तरी तिला अजून झबलं शिवत बसू दे."